गंज आणि घाम : दुबळ्या हृदयाच्या उपचारांची एक हकीकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलण्यासाठी. मी त्यांना म्हटले, यंदा मला एका रोगाच्या इतिहासावर बोलू द्या. ते थोडे बिचकले, आणि त्यांचे बिचकणे रास्त होते. मी डॉक्टर नव्हे. शाळा दहावीला सुटली. त्यानंतर जे काही पदरात पडले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे अथवा सोडावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि मी ते सांगणारही नाही. परंतु ह्या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका कागदावरच्या आकड्याने मला तिकडे ढकलले.

आमच्या युनियनचा एक सभासद आहे. फाउंड्रीत साचे घालणारा, वयाने माझ्याच बरोबरीचा. काही वर्षांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला. निरोगी माणसाचे हृदय दर ठोक्याला आपल्या पोटातले निम्म्याहून अधिक रक्त पुढे लोटते. ह्याच्या तपासणीच्या कागदावर आकडा आला 30 टक्के. कंपनीने तेवढा आकडा वाचला आणि त्याला कामास अपात्र ठरवले. हलके काम द्या, असा अर्ज आम्ही केला. तोही फेटाळला गेला.

पुढे जे झाले ते मला त्याहून लागले. हा माणूस घरी बसला तो बसलाच. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीवरून खाटेवर. हृदयाला त्रास नको म्हणून पाण्याचा तांब्यासुद्धा मुलगी हातात देई. कोणीतरी त्याला कॅप्सूलच्या डब्या आणून देऊ लागले : द्राक्षांच्या बियांचा अर्क, हिरव्या चहाचा अर्क. महिन्याकाठी हजार-दीड हजार रुपये त्यात जात होते. डबीवर लिहिले होते की वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट हृदयावरचा गंज काढून टाकतात. एकदा भेटायला गेलो असता मी विचारले, "दम फार लागतो का रे?" तो म्हणाला, "दम लागतो भाऊ, पण त्याच्या आधी पायच भरून येतात."

हृदयाच्या रोग्याचे पाय आधी का थकावेत? ह्या प्रश्नाने माझी दोन वर्षे घेतली. आणि वाचता वाचता असे दिसले की, वैद्यकानेही ह्या प्रश्नाकडे वळायला सुमारे दोनशे वर्षे घेतली आहेत. ती हकीकत आज सांगतो.

तिची सुरुवात एका झाडपाल्याच्या औषधापासूनच होते. इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात एक म्हातारी अंगावरची सूज उतरवण्याचे घरगुती औषध देत असे. तेव्हाच्या भाषेत सूज हाच रोग होता. ती बहुधा हृदय दुबळे झाल्यामुळे येते, हे ज्ञान पुढचे. मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकलेले रोगी ह्या बाईच्या काढ्याने बरे होत. 1775 साली त्या काढ्याबद्दल विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरचे मत विचारण्यात आले. काढ्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचा पक्का जाणकार; त्यातली कामाची वनस्पती एकच, ती म्हणजे फॉक्सग्लोव्ह, हे त्याने ओळखले. पुढे दहा वर्षे त्याने स्वतः दीडशेहून अधिक रोग्यांना ती दिली, कोणाला गुण आला आणि कोणाला आला नाही हे दोन्ही लिहून ठेवले, आणि 1785 साली पुस्तक छापले. मात्रा जास्त झाली तर ओकाऱ्या होतात, डोळ्यांपुढे पिवळेहिरवे दिसते, नाडी मंदावते, प्रसंगी माणूस दगावतो, हेही त्याने स्पष्ट लिहिले. आपले अपयश छापणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमधील त्याच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्हचे झाड कोरलेले आहे.

आणि ती म्हातारी? तिचे नाव विदरिंगने लिहून ठेवले नाही. विसाव्या शतकात एका औषधकंपनीने जाहिरातीसाठी चित्र काढून घेतले तेव्हा तिला 'मदर हटन' असे नाव चिकटवले, आणि ते नाव पुढे पुस्तकांतूनही खरे म्हणून फिरत राहिले. दोनशे वर्षे ज्या औषधावर जग जगले त्याची मूळ मालकीण बिनावाची गेली, आणि नाव मिळाले तेही विक्रीच्या कामापुरते. असो.

विदरिंगचे बर्मिंगहॅम म्हणजे वाफेच्या इंजिनांचे गाव. ज्या 1775 साली तो काढा त्याच्यापुढे आला, त्याच साली तेथे बोल्टन आणि वॅट ह्यांची इंजिने बांधण्याची भागीदारी सुरू झाली. वॅट आणि विदरिंग एकाच मित्रमंडळातले. त्या काळापासून पुढे वैद्यकाच्या डोळ्यांसमोर हृदयाचे चित्र पंपाचे राहिले. पंप दुबळा झाला की अंगात पाणी तुंबते. तेव्हा पंप सुधारा किंवा तुंबलेले पाणी काढा. हे चूक नव्हते. फॉक्सग्लोव्हपासून निघालेल्या डिगॉक्सिनची अखेर 1997 साली 6,800 रोग्यांवर नीट परीक्षा झाली. त्याने मृत्यूंचे प्रमाण कमी होत नाही, परंतु इस्पितळात दाखल होण्याच्या वेळा कमी होतात, असे ठरले. म्हातारीच्या औषधात दम होता, पण पुरता नव्हता. पुढे पंपासाठी त्याहून सरस औषधे निघाली. आमचा सभासद ती घेतो, आणि त्यांच्यामुळेच तो आज आहे.

पण पंपाच्या चित्रातून आणखी एक गोष्ट निघाली. दुबळ्या पंपावर भार टाकू नये. म्हणजे विश्रांती!

वास्तविक एकोणिसाव्या शतकात असे न मानणारे मोठे डॉक्टर होऊन गेले होते. डब्लिनच्या विल्यम स्टोक्सने 1854 च्या आपल्या ग्रंथात हृदयाच्या काही रोग्यांना हळूहळू वाढवत नेलेले चालणे सुचवले होते. म्युनिकच्या एर्टेलने टेकड्यांवरच्या पायवाटांना चढाप्रमाणे खुणा करून रोग्यांना त्या मोजून चढायला लावल्या. परंतु विसाव्या शतकात वारे फिरले. हृदयाचा झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे बिछान्यातून हलू देत नसत. बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन ह्या डॉक्टरांनी 1952 साली अशा रोग्यांना लवकरच खुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा तेवढेसुद्धा धाडसाचे ठरले.

बिछाना माणसाचे काय करतो ह्याचे माप 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस शहरी घेतले गेले. पाच धडधाकट तरुणांना वीस दिवस बिछान्यात निजवून ठेवले. वीस दिवसांनी त्यांची श्रम करण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावले. आता ते पन्नाशीला आले होते. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी शक्ती नेली होती, त्यापेक्षा त्या वीस दिवसांच्या बिछान्याने नेलेली शक्ती जास्त होती! ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या माणसाला खुर्चीत बसून तेव्हा दीड वर्ष झाले होते.

आता बिछान्याला तेथेच सोडून मी आपल्याला हंगेरीत नेतो. कारण डबीवरचा तो गंज आणि आमच्या माणसाचे ते पाय, ह्या दोन्ही गोष्टींचा धागा एकाच माणसाच्या हातून गेला आहे. त्याचे नाव आल्बर्ट सेंट-जॉर्जी.

हा 1893 साली बुडापेस्टात जन्मला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना ती निरर्थक कत्तल पाहून त्याला इतका वीट आला की, 1916 साली त्याने स्वतःच्याच दंडात गोळी मारून घेतली आणि घरी परत येऊन वैद्यकाचा अभ्यास पुरा केला. पुढे त्याला एका साध्या गोष्टीचे कुतूहल वाटू लागले, जी आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. वांगे किंवा सफरचंद चिरून ठेवले की काळे पडते. लिंबू मात्र चिरले तरी काळे पडत नाही, उलट चिरलेल्या फळावर लिंबू पिळले तर तेही काळे पडायचे थांबते. हवेतला प्राणवायू फळातल्या द्रव्याशी संयोग पावतो म्हणून ते काळवंडते. मग लिंबात असे काय आहे की जे त्याला अडवते?

तेच द्रव्य त्याला बैलाच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या लहानशा ग्रंथींतही सापडले. त्याच्या रचनेचा त्याला पत्ता नव्हता. म्हणून त्याने गमतीने त्याला 'इग्नोज' म्हणजे अज्ञानशर्करा असे नाव ठेवले. संपादक रागावला, तर म्हणे 'गॉडनोज', देवास ठाऊक! अखेर 1928 साली ते 'हेक्झुरॉनिक ॲसिड' ह्या सभ्य नावाने छापले गेले. अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतून ग्रंथी गोळा करून मोठ्या खटपटीने हाती आले ते जेमतेम 25 ग्रॅम. तेवढ्यावर संशोधन पुढे सरकेना.

पुढे तो हंगेरीतल्या सेगेद गावी प्राध्यापक झाला. तेथे गिनिपिगांवरच्या प्रयोगांतून हे द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व असे निघाले, पण साठा संपत आला. सेगेद हे लाल गोड्या मिरचीचे गाव. एका रात्री बायकोने जेवायला ताजी मिरची वाढली. त्याला ती खायची इच्छा नव्हती आणि तसे सांगण्याचा धीरही नव्हता. तेव्हा ही आपण प्रयोगशाळेत तपासलेली नाही असे त्याला एकाएकी आठवले, आणि ताटावरून तो तिला घेऊन निघाला. मध्यरात्रीपर्यंत कळले की मिरचीत क जीवनसत्त्वाचा खजिनाच आहे. थोड्याच आठवड्यांत त्याच्याकडे किलोच्या वर शुद्ध द्रव्य जमले. त्याने ते जगभरच्या संशोधकांना वाटून टाकले. 1937 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे सोन्याचे पदक त्याने पुढे युद्धात होरपळणाऱ्या फिनलंडच्या मदतीला देऊन टाकले. ही माणसे वेगळीच!

1936 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मिरची आणि लिंबू ह्यांतून आणखी एक द्रव्यसमूह काढला आणि त्याला 'पी जीवनसत्त्व' असे नाव दिले. बारीक रक्तवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव त्याने थांबतो, असे त्यांना वाटले. पुढचे प्रयोग मात्र जुळेनात, आणि 1950 च्या सुमारास ते नाव शास्त्राने सोडून दिले. ही द्रव्ये म्हणजे आज ज्यांना फ्लेव्होनॉइड म्हणतात ती. द्राक्षाच्या बीत, चहाच्या पानात, कांद्याच्या सालीत, कोकोत हीच असतात. म्हणजे आमच्या माणसाच्या डबीतला माल सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एकदा मोठ्या आशेने बाजारात येऊन परत गेलेला होता.

नोबेल मिळाल्यावर हा गृहस्थ स्वस्थ बसला नाही. त्याने विषयच बदलला आणि स्नायू हाती घेतला. युद्ध पेटले होते, बाहेरच्या जगाशी संबंध तुटला होता. मॉस्कोच्या एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा ह्या दांपत्याने 1939 साली दाखवले होते की, स्नायूतले मायोसिन हे प्रथिन एटीपी नावाच्या इंधनद्रव्याचे विघटन करते. सेगेदच्या प्रयोगशाळेत इलोना बांगा ह्या बाईंनी सशाचा स्नायू वाटून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, तर सकाळी पातळ रसाचा दाट रस झालेला. त्या दाट रसाचे धागे ओढले आणि त्यांवर एटीपी टाकले, तर धागे आखडले! ज्यात जीव नाही असा, बरणीत तयार केलेला धागा स्नायूसारखा आखडला. आपल्या आयुष्यातला सर्वांत थरारक क्षण तोच, असे सेंट-जॉर्जी पुढे सांगत असे. 1942 साली त्याच्या सहकाऱ्याने, स्ट्राउबने, दुसरे प्रथिन निराळे केले : ॲक्टिन. मायोसिन आणि ॲक्टिन ह्या दोघांची ओढाताण म्हणजे स्नायूचे काम. फाउंड्रीत घण उचलणारा दंड असो की छातीत ठोके घालणारे हृदय असो, यंत्र मुळात एकच. पुढे तो गुप्त कामगिरीवर इस्तंबूलला गेला, नाझी पोलीस त्याच्या मागे लागले, लपतछपत जगला, आणि युद्धानंतर अमेरिकेत गेला. ती सगळी हकीकत एका स्वतंत्र व्याख्यानाची आहे. 1986 साली तो वारला.

मला ह्यात एक गोष्ट चुटपुट लावून जाते. गंज अडवणारे वनस्पतिद्रव्य आणि स्नायूचे यंत्र, दोन्ही एकाच बाकावर येऊन गेले. पण हृदयरोगाच्या डॉक्टरांनी त्यातून बहुतेक हृदयाचा स्नायू तेवढा उचलला. हातापायांचे स्नायू तसेच राहिले.

आणि गंजाची कल्पना दुसऱ्याच रस्त्याने पुढे गेली. अँटिऑक्सिडंट हा शब्द मुळात कारखान्यातला आहे, हे वाचून मला गंमत वाटली. रबर तडकू नये, तेल चिकट होऊ नये, धातू गंजू नये म्हणून घालायची ती द्रव्ये. डेनम हार्मन नावाचा अमेरिकन गृहस्थ तेलाच्या कंपनीत रसायनतज्ज्ञ होता; पुढे तो डॉक्टर झाला. 1956 साली त्याने मांडले की, देहातही प्राणवायूपासून फुटीर, आक्रमक कण निर्माण होतात, ते पेशींना झिजवतात आणि त्यामुळेच म्हातारपण येते. 1969 साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच ह्यांना असे कण निकामी करणारे एक विकर देहातच सापडले. म्हणजे देह स्वतःचा गंज स्वतः काढत असतो. तेव्हा बाहेरून थोडी मदत केली तर? हा विचार सरळ होता, आणि सरळ विचाराला बाजारात भाव येतो. कॅनडातले शूट बंधू तर 1946 पासूनच गव्हाच्या अंकुरात सापडलेले ई जीवनसत्त्व हृदयरोग्यांना देत होते.

परीक्षा झाली ती अशी. कॅनडात हॅमिल्टन येथील डॉक्टरांनी, त्यांचे प्रमुख मूळचे केरळचे सलीम युसुफ, 9,541 माणसांपैकी निम्म्यांना ई जीवनसत्त्वाच्या रोज 400 युनिटांच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. साडेचार वर्षांनी, 2000 साली निकाल आला : झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे येणारा मृत्यू, कशातच फरक नाही. परीक्षा आणखी काही वर्षे वाढवली. 2005 सालचा निकाल वाईट होता. गोळी घेणाऱ्यांत हृदय दुबळे होण्याचे प्रमाण 13 टक्क्यांनी जास्त निघाले! ज्यांचे हृदय आधीच दुबळे होते अशा 56 रोग्यांवर टोरोंटोत वेगळा प्रयोग झाला होता, 2001 साली. बारा आठवड्यांत काहीही सुधारणा नाही. हृदय सोडून द्या, फिनलंडमधील 29,133 धूम्रपानी पुरुषांच्या परीक्षेत गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के वाढलेला आढळला होता, 1994 साली.

आता पायांकडे येतो.

1981 साली अमेरिकेत फ्रान्सिओसा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण स्फोटक गोष्ट छापली. दुबळ्या हृदयाच्या रोग्यांचे हृदय विश्रांतीत किती रक्त लोटते, आणि तो रोगी चालत्या पट्ट्यावर किती श्रम करू शकतो, ह्या दोहोंचा ताळा घातला तर ताळा बसतच नव्हता. ज्याचा आकडा वाईट तो बराच चाले, आणि ज्याचा आकडा बरा तो लवकर थके. म्हणजे कंपनीने ज्या 30 टक्क्यांवर बोट ठेवून आमच्या माणसाला घरी पाठवले, तो आकडा त्याच्या कष्टाच्या ताकदीबद्दल फारसे काही बोलतच नाही. ही गोष्ट छापून चाळीस वर्षे उलटली होती!

मग थकवा येतो कोठून? त्या दशकात फिलाडेल्फिया आणि ऑक्सफर्ड येथे चुंबकीय यंत्रात रोग्याचा हात ठेवून, स्नायू काम करीत असताना आतले रसायन पाहण्यात आले. थोड्याशा श्रमातच त्यांचा स्नायू आंबत होता, आणि ह्याला केवळ रक्तपुरवठा कमी पडणे हे कारण पुरेना. 1992 साली जर्मनीत ड्रेक्सलर ह्या डॉक्टरने रोग्यांच्या मांडीतला कणभर स्नायू काढून पाहिला. पेशीतल्या ज्या भट्ट्यांत प्राणवायूच्या साहाय्याने एटीपी तयार होते, त्या मायटोकॉन्ड्रियांची जागाच कमी झालेली होती. पाय खरेच आतून बदललेले होते. 1994 साली अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे जुळवून मांडले : हृदय दुबळे होते, माणूस हालचाल कमी करतो, देहात दाह वाढतो, स्नायू झडतो, आजारी स्नायू मेंदूकडे धोक्याचे निरोप धाडतो, त्याने दम आणखी लागतो, रक्तवाहिन्या आखडतात, हृदयावरचा भार वाढतो. चक्र पुरे झाले. "पायच आधी भरून येतात" ह्या वाक्याचा अर्थ मला येथे लागला.

ह्याच कोट्सने 1990 साली ऑक्सफर्डमध्ये अकरा रोग्यांना घरी सायकल दिली. आठ आठवडे पायडल मारायचे, आठ आठवडे विश्रांती. पायडल मारण्याच्या आठवड्यांत त्यांची ताकद वाढली, विश्रांतीत ओसरली. हृदयाला इजा झाली नाही. जर्मनीतल्या लाइपझिग येथे त्याहून पुढचे दिसले. सहा महिने व्यायाम केलेल्या रोग्यांच्या मांडीच्या स्नायूत गंज अडवणारी देहाची स्वतःची विकरे वाढलेली होती. हे 2005 साली छापले गेले, म्हणजे ई जीवनसत्त्वाचा तो वाईट निकाल आला त्याच साली. अँटिऑक्सिडंट डबीतून आले नव्हते. ते घामातून आले होते.

मग व्यायाम आणि गोळी दोन्ही केली तर दुप्पट गुण येईल, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते. 2009 साली जर्मनीत तरुणांच्या दोन गटांना चार आठवडे कसरत करायला लावली. एका गटाला बरोबर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांच्या देहात साखरेचा निचरा सुधारला. गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही! काम करताना स्नायूत उठणारे ते आक्रमक कण केवळ गंज नव्हेत, तो निरोपही आहे : येथे काम पडले आहे, भट्ट्या वाढवा, रखवालदार वाढवा. गोळीने गंज पुसला तो निरोपासकट. पुढच्या सर्व प्रयोगांचे उत्तर इतके स्वच्छ आलेले नाही, आणि हे तरुण निरोगी होते, हृदयाचे रोगी नव्हते; हेही मला सांगितले पाहिजे. तरीही संपाची नोटीस फलकावरून फाडून टाकली म्हणजे तक्रार मिटली असे समजणारे व्यवस्थापक मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला लवकर समजली.

वनस्पतींचा पक्ष अगदीच मेला आहे असे मी म्हणणार नाही. 2012 साली कॅलिफोर्नियात हृदय दुबळे आणि शिवाय मधुमेह असलेल्या पाच रोग्यांना तीन महिने एपिकॅटेचिन ह्या फ्लेव्होनॉइडने समृद्ध असा कोको दिला. त्यांच्या मांडीच्या स्नायूतल्या भट्ट्यांची मोडकळीला आलेली रचना काहीशी पूर्ववत होताना दिसली. पण रोगी पाच! आणि तुलनेला दुसरा गट नाही. 2022 साली कोकोच्या अर्काची 21,442 वयस्क माणसांवर मोठी परीक्षा पुरी झाली. तिच्यात हृदयरोगाच्या एकंदर घटना म्हणण्यासारख्या कमी झाल्या नाहीत, हृदयामुळे होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. तेव्हा हा दरवाजा अर्धा उघडा आहे. पाच रोग्यांच्या जिवावर डब्या विकाव्यात इतका उघडा नाही. आवळा, लिंबू, भाजीपाला खाऊ नये असे मात्र कोणीही म्हटलेले नाही; ते अन्न आहे.

व्यायामाचीही परीक्षा मोठी झाली, आणि तिचा निकाल मी झाकून ठेवणार नाही. 2009 सालच्या ह्या परीक्षेत 2,331 रोगी होते. मृत्यू आणि इस्पितळात दाखल होणे ह्यांत पडलेला फरक थोडा होता, निर्विवाद म्हणावा असा नव्हता. व्यायाम धोक्याचा नाही हे मात्र ठरले, आणि रोग्यांचे रोजचे जगणे थोडे सुधारले. चमत्कार नव्हे. त्यातही ठरवून दिलेला व्यायाम पुष्कळांनी पुरता केलाच नव्हता. आणि ते मी समजू शकतो, कारण दीड वर्ष खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवणे काय असते हे मी पाहिले आहे.

त्याला उठवला तो त्याच्या डॉक्टरबाईंनी, मी नव्हे. मी फक्त त्यांना विचारायला त्याला घेऊन गेलो. त्यांनी तपासणी केली, औषधे तशीच ठेवली, आणि सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा पाच मिनिटे चालायला सांगितले. दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचे, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तेथेच थांबायचे. पहिले पंधरा दिवस तो मला शिव्या देत चालला. कॅप्सूलच्या डब्या कधी बंद झाल्या ते मला कळले नाही. बहुधा त्याच्या मुलीने त्या पैशांचे दुसरे काही केले.

हॅमिल्टनच्याच डॉक्टरांनी 1985 साली दुबळ्या हृदयाच्या रोग्यांसाठी एक चाचणी रूढ केली. इस्पितळाचा लांब व्हरांडा, एक घड्याळ आणि सहा मिनिटे. माणूस तेवढ्या वेळात किती मीटर चालतो ते मोजायचे. यंत्र नाही, खर्च नाही. आमच्या माणसाची ही चाचणी सुरुवातीला घेतली तेव्हा तो 240 मीटर चालला होता. आठ महिन्यांनी 385 मीटर चालला. त्याचा हृदयाचा आकडा त्या दिवशीही जवळजवळ तोच होता : 32 टक्के.

हे दोन्ही कागद जोडून, डॉक्टरबाईंचे पत्र वर लावून, आम्ही कंपनीकडे हलक्या कामासाठी दुसरा अर्ज केला आहे. भट्टीपुढे नको, घण नको. भांडारात साच्यांच्या नोंदी ठेवायचे काम त्याला सहज जमेल. अर्जाला गेल्या महिन्यात तीन महिने झाले. स्मरणपत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.